तयार आणि खास आंतरपृष्ठ-रचना (सॉफ्टवेअर)

सॉफ्टवेअर आणि ते वापरणारी व्यक्ती यांच्यामध्ये जो दर्शनी भाग असतो, त्याला आंतरपृष्ठ किंवा इंटरफेस म्हणतात. पडद्यावरील बटणे, अर्जातील रकाने, मेनू, सूचना, चिन्हे आणि त्यांचा क्रम या सर्वांचा त्यात समावेश होतो. आंतरपृष्ठ उभारण्याचे दोन मुख्य मार्ग आहेत. आधीच बनवलेले घटक, साचे किंवा थीम वापरून केलेल्या रचनेला तयार रचना म्हणतात. विशिष्ट संस्था, काम किंवा वापरकर्ते डोळ्यांसमोर ठेवून नव्याने केलेल्या रचनेला खास रचना म्हणतात. प्रत्यक्षात बहुतेक प्रकल्पांत दोन्हींचा संयोग आढळतो. त्यामुळे आंतरपृष्ठाचा कोणता भाग तयार घ्यायचा आणि कोणता स्वतः घडवायचा, हा निवडीचा मुख्य प्रश्न ठरतो. मराठी आंतरपृष्ठांच्या बाबतीत या प्रश्नाला लिपी, नावे, पत्ते आणि शासकीय सेवा यांचे वेगळे परिमाण लाभले आहे.

संज्ञा आणि व्याप्ती

तयार रचनेचे साधारणपणे तीन स्तर मानले जातात. पहिला स्तर सुट्या घटकांचा असतो. बटण, दिनदर्शिका, तक्ता, सूचनेची चौकट यांसारखे घटक संचातून उचलून वापरले जातात. दुसरा स्तर साच्याचा असतो. त्यात संपूर्ण पानाची मांडणी ठरलेली असते आणि वापरणारी संस्था फक्त मजकूर व चित्रे भरते. तिसरा स्तर रचना-प्रणालीचा असतो. तीत घटकांबरोबरच रंग, अक्षरांचे आकार, मोकळ्या जागा, भाषेची शैली आणि हे सारे कधी व कसे वापरावे याचे नियमही दिलेले असतात.

खास रचनेतही स्तर असतात. केवळ रंग व बोधचिन्ह बदलणे ही वरवरची सजावट होय. माहितीचा क्रम, रकान्यांची संख्या, चुका हाताळण्याची पद्धत किंवा टंकलेखनाची रीत बदलणे ही खऱ्या अर्थाने खास रचना होय.

रायगड जिल्ह्यातील पेण येथील गणेशमूर्तींच्या कारखान्यांतील कामाशी या विभागणीची तुलना करता येते. तेथे मूर्तीचा आकार साच्यातून निघतो, तर डोळ्यांची आखणी कारागीर हाताने करतो. साच्यामुळे मोठ्या संख्येने मूर्ती घडवणे शक्य होते आणि मूर्तीचा भाव मात्र आखणीवर अवलंबून राहतो. सॉफ्टवेअरमध्येही साचा कोठे थांबतो आणि आखणी कोठे सुरू होते, हे ठरवावे लागते.

इतिहास

चित्ररूप आंतरपृष्ठे १९८० च्या दशकात बाजारात आली. झेरॉक्स कंपनीचा ‘स्टार’ हा संगणक १९८१ मध्ये, तर ॲपलचा ‘मॅकिंटॉश’ १९८४ मध्ये विक्रीस आला. मॅकिंटॉशमध्ये खिडक्या, मेनू व बटणे यांची तयार आज्ञावली संगणकातच पुरवलेली होती. परिणामी निरनिराळ्या कंपन्यांची सॉफ्टवेअरे दिसायला आणि चालवायला बरीच सारखी राहिली. एक सॉफ्टवेअर शिकलेल्या व्यक्तीला दुसरे शिकणे सोपे जाऊ लागले.

महाजालाच्या प्रसारानंतर हे साम्य मोडले. प्रत्येक संकेतस्थळ आपापली बटणे व मेनू घडवू लागले. मोबाइल फोनच्या लहान पडद्यांची भर पडल्यावर एकच पान अनेक आकारांत नीट दिसावे ही गरज निर्माण झाली. ट्विटरमध्ये काम करणाऱ्या मार्क ओटो व जेकब थॉर्नटन यांनी घडवलेला ‘बूटस्ट्रॅप’ हा घटकसंच ऑगस्ट २०११ मध्ये सर्वांसाठी खुला करण्यात आला आणि अल्पावधीत जगभर पसरला. गूगलने २०१४ मध्ये ‘मटेरियल डिझाइन’ ही रचना-प्रणाली जाहीर केली.

शासकीय सेवांसाठीही अशा प्रणाली तयार झाल्या. अमेरिकेच्या संघराज्य शासनाची रचना-प्रणाली २०१५ मध्ये, तर ब्रिटिश शासनाची २०१८ मध्ये प्रसिद्ध झाली. भारतात शासकीय संकेतस्थळांसाठीची मार्गदर्शक तत्त्वे २००९ मध्ये प्रथम प्रसिद्ध झाली. त्यांची तिसरी आवृत्ती २०२३ मध्ये निघाली. केंद्र सरकारच्या डिजिटल इंडिया कार्यक्रमांतर्गत ‘यूएक्सफोरजी’ हा शासकीय सेवांसाठीचा घटकसंचही उपलब्ध करण्यात आला आहे.

तयार रचनेची बलस्थाने

तयार रचनेचा पहिला लाभ वेळेचा व खर्चाचा असतो. वरकरणी साध्या दिसणाऱ्या बटणाच्याही अनेक अवस्था असतात: सामान्य, दाबलेली, कळफलकाने निवडलेली, निष्क्रिय, प्रतीक्षेतील आणि त्रुटी दर्शवणारी. या सहा अवस्था उजळ व गडद अशा दोन रंगसंगतींत आणि मराठी, हिंदी व इंग्रजी या तीन भाषांत तपासायच्या झाल्यास एकाच बटणाच्या ३६ तपासण्या होतात. दिनदर्शिका किंवा तक्ता यांच्या बाबतीत ही संख्या कितीतरी वाढते. चांगल्या घटकसंचात हे काम बहुतांशी आधीच झालेले असते.

दुसरा लाभ परिचयाचा आहे. लोक आपला बहुतेक वेळ इतर सॉफ्टवेअरे वापरण्यात घालवतात आणि तेथील सवयी सोबत घेऊन येतात. शोधाचे चिन्ह भिंगाचे असते, मागे जाण्याचा बाण डावीकडे असतो, हे त्यांना नव्याने शिकवावे लागत नाही. याकोब नील्सन यांनी १९९४ मध्ये मांडलेल्या आंतरपृष्ठ-रचनेच्या दहा तत्त्वांमध्ये सुसंगती व प्रचलित प्रमाणांचे पालन या तत्त्वाचा समावेश आहे.

तिसरा लाभ सुगम्यतेचा आहे. दृष्टिहीन व्यक्ती पडद्यावरील मजकूर वाचून दाखवणारे सॉफ्टवेअर वापरतात. हाताची हालचाल मर्यादित असलेल्या व्यक्ती माऊसऐवजी कळफलक वापरतात. प्रत्येक घटक त्यांना वापरता यावा यासाठी पडद्याआड पुष्कळ खुणा द्याव्या लागतात. महाजालावरील मजकुराच्या सुगम्यतेच्या आंतरराष्ट्रीय तत्त्वांनुसार मध्यम स्तरावर सामान्य आकाराचा मजकूर व त्याची पार्श्वभूमी यांच्यातील उजळपणाचे गुणोत्तर किमान ४.५ : १ असावे लागते. ऑक्टोबर २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या २.२ या आवृत्तीने दाबण्याच्या जागेचा किमान आकारही (काही अपवाद वगळता) २४ × २४ पिक्सेल असा ठरवून दिला. असे नियम पाळून बनवलेला घटक वापरल्यास लहान संस्थेलाही त्यांचे पालन सोपे जाते.

तयार रचनेच्या मर्यादा

तयार घटकात तो घडवणाऱ्यांची गृहीतके दडलेली असतात. ती वापरकर्त्यांच्या परिस्थितीशी जुळली नाहीत, तर निर्दोष चालणारा घटकही निरुपयोगी ठरतो. महिन्यामहिन्याने मागे सरकणारी दिनदर्शिका प्रवासाची तारीख निवडण्यासाठी सोयीची असते. तीच दिनदर्शिका जन्मतारखेसाठी वापरली, तर १९५२ साली जन्मलेल्या व्यक्तीला २०२५ मधून आपल्या जन्ममहिन्यापर्यंत पोहोचण्यासाठी बाण सुमारे ८७६ वेळा दाबावा लागेल. म्हणूनच ब्रिटिश शासनाच्या प्रणालीत जन्मतारखेसारख्या आधीपासून माहीत असलेल्या तारखांसाठी दिवस, महिना व वर्ष असे तीन साधे रकाने सुचवलेले आहेत.

गृहीतकांचे परिणाम हक्कांपर्यंत पोहोचू शकतात. ओळख-पडताळणी करताना समोरची व्यक्ती जिवंत आहे हे तपासण्यासाठी कॅमेऱ्यासमोर डोळ्यांची उघडझाप करण्यास सांगण्याची पद्धत अनेक वित्तीय सेवांनी स्वीकारली होती. आम्लहल्ल्यात चेहरा व डोळे यांना इजा झालेल्या आणि दृष्टिहीन व्यक्तींना ही पायरी ओलांडता येत नव्हती. या संदर्भातील याचिकांवर भारताच्या सर्वोच्च न्यायालयाने ३० एप्रिल २०२५ रोजी निर्णय दिला. डिजिटल सेवांपर्यंत पोहोचणे हा संविधानाच्या अनुच्छेद २१ मधील जीविताच्या हक्काचा भाग असल्याचे नमूद करून न्यायालयाने पडताळणीची प्रक्रिया सुगम्य करण्याचे निर्देश दिले.

दुसरी मर्यादा परावलंबनाची आहे. घटकसंच बनवणाऱ्यांचे निर्णय तो वापरणाऱ्या सर्वांवर लादले जातात. ‘अँट डिझाइन’ या लोकप्रिय चिनी घटकसंचात नाताळच्या दिवशी बटणांवर बर्फाची नक्षी दाखवणारी आज्ञावली गुपचूप घालण्यात आली होती. २५ डिसेंबर २०१८ रोजी ती जागी झाली आणि अनेक संस्थांच्या कामकाजाच्या सॉफ्टवेअरमधील बटणांवर अचानक बर्फ दिसू लागला. नक्षी निरुपद्रवी होती. तथापि आपल्या सॉफ्टवेअरमध्ये नेमके काय चालते हे वापरणाऱ्यांना ठाऊक नसते, ही गोष्ट या घटनेने उघड केली. संचाची जुनी आवृत्ती कालबाह्य होणे हाही परावलंबनाचाच भाग आहे. बूटस्ट्रॅपच्या तिसऱ्या आवृत्तीची देखभाल २०१९ मध्ये थांबली. त्यानंतर ती वापरणाऱ्यांना नव्या आवृत्तीकडे वळणे किंवा जोखीम पत्करणे एवढेच पर्याय उरले.

देवनागरी आणि मराठी आंतरपृष्ठे

जगभर वापरले जाणारे बहुतेक घटकसंच रोमन लिपी गृहीत धरून सुरू झाले. मराठीसाठी ते वापरताना पुढील बाबी तपासाव्या लागतात.

ओळींची उंची : देवनागरीत शिरोरेषेच्या वर वेलांटी, मात्रा, रफार व अनुस्वार, तर अक्षराखाली उकार आणि काही जोडाक्षरांचे भाग येतात. रोमन अक्षरांसाठी ठरवलेल्या उंचीत ही चिन्हे कापली जातात किंवा वरच्या ओळीला भिडतात. मटेरियल डिझाइनमध्ये देवनागरीची गणना ‘उंच’ लिप्यांमध्ये करून तिच्यासाठी अधिक उंची सुचवण्यात आली आहे.

अक्षरांमधील अंतर : रोमन मथळे उठून दिसावेत म्हणून अक्षरे मोठ्या लिपीत घेण्याची किंवा त्यांच्यातील अंतर वाढवण्याची पद्धत आहे. देवनागरीत मोठी व लहान लिपी असा भेद नाही आणि अंतर वाढवल्यास शिरोरेषा तुटते. त्यामुळे मथळ्याची ठसठशीत ओळख आकार व जाडी यांच्या साहाय्याने निर्माण करावी लागते.

अक्षरवळण : मराठीतील ‘ल’ व ‘श’ यांची पारंपरिक वळणे हिंदीत रूढ असलेल्या वळणांहून निराळी आहेत. महाराष्ट्र शासनाने ६ नोव्हेंबर २००९ आणि १० नोव्हेंबर २०२२ रोजी काढलेल्या शासन निर्णयांद्वारे मराठी वर्णमाला व अक्षरमाला प्रमाणित केली; पाकळीयुक्त ‘ल’ व देठयुक्त ‘श’ ही रूपे त्यात स्वीकारलेली आहेत. काही टंकांमध्ये दोन्ही वळणे असतात आणि पानाची भाषा मराठी असल्याची खूण आज्ञावलीत दिल्यावर मराठी वळण दिसते. हिंदी संकेतस्थळाचा साचा उचलताना ही खूण बदलायची राहिली, तर वळणे हिंदीची दिसतात आणि वाचून दाखवणारे सॉफ्टवेअरही मराठी मजकूर हिंदी उच्चारांनी वाचू शकते.

ऱ्य आणि र्य : ‘आचाऱ्यांना’ म्हणजे स्वयंपाक्यांना आणि ‘आचार्यांना’ म्हणजे गुरुजनांना, ‘दऱ्या’ आणि ‘दर्या’ यांतही असाच अर्थभेद आहे. टंक किंवा कळफलक निवडताना हा भेद टिकतो की नाही, हे पाहणे आवश्यक ठरते.

शोध व अनुक्रम : युनिकोड या संकेतप्रणालीत देवनागरीचा समावेश १९९१ पासून आहे, ‘ॲ’ या अक्षराला मात्र स्वतंत्र संकेत २००८ मध्ये मिळाला. त्यापूर्वी ते ‘अ’ व चंद्र यांच्या जोडणीने लिहिले जात असे आणि आजही काही ठिकाणी तसेच लिहिले जाते. पडद्यावर सारखे दिसणारे हे दोन शब्द संगणकाच्या दृष्टीने वेगळे असतात; त्यामुळे एका पद्धतीने नोंदवलेले नाव दुसऱ्या पद्धतीने शोधल्यास सापडत नाही. तसेच केवळ संकेतांकांनुसार यादी लावल्यास ‘क्षीरसागर’ हे आडनाव ‘क’च्या गटात जाते; मराठी वर्णमालेच्या परंपरेत ‘क्ष’ व ‘ज्ञ’ शेवटी येतात.

मजकुराची मर्यादा : ‘महाराष्ट्र’ या शब्दात वाचकाला चार अक्षरे दिसतात, संगणक त्यात दहा चिन्हे मोजतो. प्रचलित साठवणपद्धतीत देवनागरीचे प्रत्येक चिन्ह तीन बाइट घेते. त्यामुळे ५० बाइटांच्या रकान्यात जास्तीत जास्त १६ चिन्हे मावतात. एका लघुसंदेशातही इंग्रजीची १६० चिन्हे बसतात, तर देवनागरीची ७०.

यांपैकी बहुतेक अडचणी घटकसंचाच्या मांडणीत थोडा बदल करून सुटतात; त्यासाठी संपूर्ण आंतरपृष्ठ नव्याने घडवावे लागत नाही. मात्र या अडचणी आपोआपही सुटत नाहीत. इंग्रजी पडदे आधी पूर्ण करून शेवटी त्यांचे मराठी भाषांतर चिकटवल्यास त्या सेवा सुरू झाल्यावर उघड होतात.

महाराष्ट्रातील उदाहरणे

तयार साचा : राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राने शासकीय कार्यालयांसाठी ‘एसथ्रीवास’ ही संकेतस्थळे उभारण्याची सेवा विकसित केली आहे. तिच्यात सुरक्षित, सुगम्य व बहुभाषिक साचे दिलेले असतात आणि कार्यालयाने मजकूर भरायचा असतो. पनवेल ज्या जिल्ह्यात येते, त्या रायगड जिल्ह्याचे संकेतस्थळ याच सेवेवर उभारलेले आहे. जिल्ह्याची ओळख, विभाग, निर्देशिका, सूचना, पर्यटन यांची मांडणी इतर जिल्ह्यांच्या संकेतस्थळांसारखीच असल्याने एका जिल्ह्याचे संकेतस्थळ वापरलेल्या व्यक्तीला दुसऱ्याचे चटकन उमगते. जिल्हा प्रशासनांच्या गरजा परस्परांशी मोठ्या प्रमाणात मिळत्याजुळत्या असल्याने येथे साचा योग्य ठरतो.

कामानुरूप रचना : मुंबईच्या उपनगरी रेल्वेचे प्रवासी ‘एम-इंडिकेटर’ हे २०१० मध्ये सुरू झालेले ॲप मोठ्या प्रमाणावर वापरतात. पनवेलहून हार्बर मार्गाने जाणाऱ्या प्रवाशाला पुढची गाडी किती वाजता आहे आणि ती कोठपर्यंत जाते, एवढेच काही क्षणांत हवे असते. गर्दीत एका हाताने, चालता चालता आणि इंटरनेट नसतानाही वेळापत्रक पाहता येणे हे या कामाचे वैशिष्ट्य होय. सर्वसाधारण प्रवास-आरक्षणाच्या साच्यात प्रवाशांची संख्या, प्रवासाची तारीख आणि आसनांचा प्रकार यांचे रकाने आधी येतात. लोकलच्या प्रवाशाला त्यांतील एकाचाही उपयोग नसतो.

संपूर्ण खास रचना : मुंबईच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेतील औद्योगिक अभिकल्प केंद्रात प्रा. अनिरुद्ध जोशी व त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘स्वरचक्र’ हा मोबाइलवरील कळफलक विकसित केला. इंग्रजी कळफलकाच्या चौकटीत देवनागरीची मुळाक्षरे व स्वरचिन्हे कोंबणे गैरसोयीचे होते. स्वरचक्रात व्यंजनावर बोट ठेवताच त्याभोवती बाराखडीतील रूपांचे चक्र उघडते आणि बोट हव्या त्या रूपाकडे सरकवले की ते उमटते. बाराखडी शाळेत शिकलेल्या कोणालाही ही मांडणी ओळखीची वाटते. प्रचलित रचनेत मूळ अडचणच न सुटणारी असल्याने येथे खास रचनेचे श्रम सार्थ ठरतात.

पनवेलमधील पत्ता आणि नावाचा रकाना

पनवेल महानगरपालिकेची स्थापना १ ऑक्टोबर २०१६ रोजी झाली. १८५२ साली स्थापन झालेली पनवेल नगरपरिषद, सिडकोने वसवलेल्या खारघर, कळंबोली, कामोठे, नवीन पनवेल यांसारख्या वसाहती आणि आसपासची गावे तिच्या हद्दीत एकत्र आली. या एकाच शहरात पत्ता सांगण्याच्या निदान तीन रीती नांदतात. सिडको वसाहतीत सेक्टर, भूखंड, इमारत व सदनिका यांचे क्रमांक सांगितले जातात. जुन्या पनवेलमध्ये लाइन आळी, परदेशी आळी, कोळीवाडा अशी नावे व जवळची खूण सांगितली जाते. गावठाणात गावाचे नाव व घर क्रमांक पुरेसा असतो.

अशा शहरासाठी मालमत्ता कर किंवा पाणीजोडणीच्या सेवेचा अर्ज रचायचा आहे, असे समजू. ‘पत्ता ओळ १, पत्ता ओळ २, शहर, राज्य, पिन कोड’ हा तयार अर्ज वापरल्यास तिन्ही रीतींची माणसे आपापल्या समजुतीने काहीतरी भरतील. एकाच इमारतीतील दोन सदनिका दोन तऱ्हांनी नोंदवल्या जातील आणि पुढे एका मालमत्तेचे देयक दुसऱ्याच्या हाती पडण्याची शक्यता निर्माण होईल. रकाना सक्तीचा केल्यास अडचण अधिक वाढते. गावठाणातील रहिवाशाला सेक्टर क्रमांक भरल्याशिवाय पुढे जाता आले नाही, तर तो शून्य किंवा खोटा आकडा भरतो, अथवा कार्यालयातील रांगेत उभा राहतो. याउलट ‘आपले घर कोठे आहे : वसाहतीत, जुन्या शहरात की गावठाणात?’ असा प्रश्न आधी विचारून त्यानुसार रकाने दाखवल्यास तोच अर्ज तिघांनाही भरता येतो. यासाठी बटणे, रकाने व त्रुटीच्या सूचना तयार संचातल्याच वापरता येतात. खास आहे तो केवळ प्रश्नांचा क्रम.

नावाच्या रकान्याचेही तसेच आहे. पाश्चात्त्य साच्यांत नाव व आडनाव असे दोन भाग असतात. महाराष्ट्रात स्वतःचे नाव, वडिलांचे किंवा पतीचे नाव आणि आडनाव ही त्रिपदी रीत रूढ आहे. राज्य शासनाच्या निर्णयानुसार १ मे २०२४ रोजी किंवा त्यानंतर जन्मलेल्या बालकाचे नाव शासकीय दस्तऐवजांत बालकाचे नाव, आईचे नाव, वडिलांचे नाव व आडनाव या क्रमाने नोंदवायचे आहे. दोन रकान्यांचा साचा अशा नावाला अपुरा पडतो. प्रत्येक कार्यालयाने ते वेगवेगळ्या तऱ्हेने कोंबल्यास जन्मदाखला, शाळेचा दाखला आणि बँक खाते यांवरील नावे जुळत नाहीत आणि ती जुळवण्याचा त्रास नागरिकाला होतो. येथे रकान्यांची रचना खास हवी, परंतु ती राज्यभर एकच हवी. एका जागी विचारपूर्वक घडवलेली खास रचना इतर सर्वांसाठी तयार घटक बनू शकते, हे यावरून स्पष्ट होते.

निवडीचे निकष

कोणता भाग तयार घ्यावा हे ठरवताना पुढील प्रश्न उपयोगी पडतात.

• हे काम सर्वत्र सारख्याच रीतीने होते काय? खाते उघडणे, पैसे भरणे, कागदपत्र जोडणे यांसारख्या कामांत वेगळेपणाचा फायदा फारसा नसतो आणि गोंधळ मात्र वाढतो.
• वापरकर्ते कोणत्या बाबतीत वेगळे आहेत? भाषा, वय, साक्षरता, फोनचा प्रकार किंवा वापराची जागा यांत फरक असल्यास तेवढ्या भागाची खास रचना विचारात घ्यावी.
• चूक झाल्यास किंमत कोण मोजतो? मनोरंजनाच्या ॲपमधील गैरसोय आणि शिधापत्रिकेच्या अर्जातील गैरसोय यांचे परिणाम सारखे नसतात.
• पुढील पाच वर्षे देखभाल कोण करणार? खास घटकाची प्रत्येक दुरुस्ती संस्थेला स्वतः करावी किंवा करवून घ्यावी लागते.
• तयार घटकाला किती मुरड घालावी लागेल? मूळ घटकाचा बहुतांश भाग बदलावा लागत असेल, तर त्याची नवी आवृत्ती स्वीकारणे अवघड होते आणि दोन्ही मार्गांचे तोटेच पदरी पडतात.

या प्रश्नांची उत्तरे कार्यालयात बसून देण्यापेक्षा प्रत्यक्ष वापरकर्त्यांसमोर कच्चा आराखडा ठेवून मिळवणे अधिक विश्वासार्ह मानले जाते. कागदावर काढलेले पडदे आणि पाच-सहा नागरिक एवढ्या साधनांनीही अर्जातील मोठे दोष लक्षात येतात. ही चाचणी तयार रचनेलाही तितकीच लागू पडते. इतरत्र यशस्वी ठरलेला घटक येथे चालेलच असे नाही.

मालकी आणि देखभाल

अनेक लोकप्रिय घटकसंच मुक्त परवान्यांखाली उपलब्ध आहेत. बूटस्ट्रॅप एमआयटी परवान्याखाली वितरित होतो. तो विनामूल्य वापरता व बदलता येतो. खास रचनेत मात्र तिची मालकी करारात स्पष्ट नसेल, तर सेवा घेणारी संस्था एकाच पुरवठादाराशी बांधली जाण्याचा धोका असतो. म्हणून निविदेच्या टप्प्यावरच सोर्स कोड, रचनेच्या मूळ फाइली, टंकांचे परवाने आणि वापराची माहितीपुस्तिका संस्थेच्या ताब्यात येईल, अशी अट घालणे हितावह असते. सार्वजनिक निधीतून चालणाऱ्या संस्थांच्या बाबतीत या अटीचे महत्त्व अधिक आहे.

तयार रचनेचा खर्च आरंभी कमी असतो आणि आवृत्त्या बदलताना वाढतो. खास रचनेचा खर्च आरंभी जास्त असतो आणि पुढेही देखभालीच्या रूपाने चालू राहतो. केवळ आरंभीच्या किमतीवरून केलेली तुलना त्यामुळे अपुरी ठरते.

टीका आणि मतभेद

तयार रचनेच्या सार्वत्रिक वापरामुळे सर्व संकेतस्थळे एकसारखी दिसू लागली आणि संस्थांची ओळख पुसली गेली, अशी टीका केली जाते. यावर, नागरिक शासकीय सेवेकडे सौंदर्याच्या शोधात येत नाही, तर काम उरकण्यासाठी येतो, असे उत्तर दिले जाते. वृत्तपत्रे, संग्रहालये किंवा नाममुद्रेवर चालणारे व्यवसाय यांच्यासाठी दृश्य वेगळेपणाला खरे मूल्य असते, हे दोन्ही बाजूंना मान्य असते.

दुसरा मतभेद भाषेविषयीचा आहे. मराठी आंतरपृष्ठ म्हणजे इंग्रजी पडद्याचे भाषांतर, की मराठी वापरकर्त्याच्या कामापासून सुरू झालेली रचना, हा त्यातील मूळ प्रश्न होय. महाराष्ट्र स्थानिक प्राधिकरणे (राजभाषा) अधिनियम, २०२२ या कायद्याने स्थानिक प्राधिकरणांच्या कारभारात मराठीचा वापर बंधनकारक केला आहे. मजकूर मराठीत असण्याने कायद्याचा हेतू किती साध्य होतो, हे अखेर त्या मजकुराभोवतीच्या रकान्यांवर, क्रमावर आणि सूचनांवर अवलंबून राहते.

हे सुद्धा पहा

• आंतरपृष्ठ
• देवनागरी
• युनिकोड
• मराठी वर्णमाला
• पनवेल महानगरपालिका
• ई-शासन